ओबोरोचा आवाज

९ ऑगस्ट १९५७

ताप उतरला. डॉक्टरांनी अजून काही दिवस कारखान्यात पाऊल टाकायचं नाही असं बजावलंय, आणि माझ्या बायकोने, हारुएने, ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेऊन माझे बूट कुठेतरी लपवून ठेवलेत. पडून पडून पाठीवर चटईचे वळ उठले. म्हणून ही वही. इंजिनाचे आकडे सोडून मी आजवर काही लिहिलेलं नाही. बायको असलं काही वाचत नाही, त्यामुळे मनात येईल ते लिहायला हरकत नाही.

आमच्या हामामात्सुत मोटारसायकली बनवणाऱ्यांचं पीक आलं होतं. आता एकेकाचं दार बंद होतंय. माझा कारखाना, इसोबे मोटार, शर्यतीत नाव कमावलेला, पण नावावर चाळीसेक घरांच्या चुली पेटत नाहीत. या उन्हाळ्यात डोंगर चढायच्या शर्यतीत आमच्या दोन्ही गाड्या अर्ध्या वाटेत बसल्या. मोठ्या कारखान्यांशी वेगात टक्कर देणं आता आपल्याच्याने होणार नाही, हे मला कळतं आणि निवाला माझ्याआधी कळलेलं आहे. निवा माझा मुख्य मिस्त्री. वाईट बातमी द्यायची असली की तो आधी टोपी काढतो, मग खोकतो आणि मग हवापाण्याबद्दल बोलून निघून जातो.

आज सकाळी ओसरीत बसलो होतो. कालव्याच्या उतारावरून टोफूवाली तोकुसान सायकलवर येताना दिसली. मागे पाण्याचं लाकडी पिंप, त्यात टोफूच्या वड्या, हँडलला पितळी पिपाणी. वाळूवरून चाक घसरलं आणि पिंप उलटलं. पांढऱ्या वड्या गटारापर्यंत पसरल्या. बाई रडली नाही, ओरडली नाही. आधी पिपाणी एप्रनच्या टोकाने पुसली, मग उतारावर उभी राहून सायकलीला असं काही बोलली की मी लगेच घरात पाहुण्यासारखा मान खाली घालून बसलो.

दुपारभर तेच डोळ्यांसमोर येत होतं. या बाईला शर्यत नको आहे. पिंप सांभाळून नेईल असं छोटंसं काहीतरी हवं आहे.

१६ ऑगस्ट

काल पूर्वजांना निरोप दिला. नदीत कागदी दिवे सोडले. माझ्या आईवडिलांचा दिवा पुढच्याला वाट देत, कुठे न धडकता पुलाखालून गेला. मी बराच वेळ बघत राहिलो. वाहन असं जायला हवं. आम्ही इतकी वर्षं नुसतं ओरडत पळालो.

रात्रभर स्वप्न पडत होतं, सकाळी उठून ते कागदावर काढलं. बुटकी स्कूटर. मधे मोकळी जागा, म्हणजे एप्रन बांधलेल्या बाईला पाय वर न घेता बसता येईल. मागे जमिनीलगत रॅक, पिंपाचं वजन खालीच राहावं म्हणून. नाव ओबोरो. धुक्यातल्या चंद्राला म्हणतात ते, आणि तोकुसानच्या सर्वांत मऊ टोफूलाही.

निवाने चित्र पाहिलं, टोपी काढली नाही. चांगली खूण आहे.

२२ ऑगस्ट

काकेगावाहून ओगुरिसान येऊन गेले. जिल्ह्यातल्या टोफूवाल्यांच्या संघाचे प्रमुख. माणूस सावध. चहा संपेपर्यंत नुसतं हुं हुं करत होते. शेवटी म्हणाले की नोव्हेंबरात गाडी काकेगावाला आणा, आमच्या गल्ल्यांतून एका सकाळची विक्री करून दाखवा. जमलं तर संघ प्रत्येक दुकानासाठी एकेक गाडी घेईल. नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आमचा कारखाना नवं वर्ष बघणार नाही.

गाडी तोकुसान चालवेल. मी विचारलं तेव्हा म्हणाली, पडले तर टोफूचे पैसे तुमचे आणि गुडघे माझे.

३ सप्टेंबर

पहिली ओबोरो तयार झाली आणि आज फिरून आली. मी कारखान्याच्या फाटकात उभा. तोकुसान परतली ती तोंड फुगवून. पिंपात डोकावून पाहिलं तर एकूण एक वडी शाबूत.

"बघा, एकही मोडली नाही," मी म्हणालो.

"मोडेल कशी? कोणी हातच लावला नाही तिला."

मग तिने मला व्यवस्थित झापलं. टोफू विकायचा म्हणजे काय करायचं असतं, ते या गावात जन्मून मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ध्यानातच आलं नाही. ती पिपाणी फुंकते, बायका घरात ती ऐकतात, हातातलं काम टाकतात, भांडं शोधतात, दारात येतात. आज तिने पिपाणी फुंकली ती तिची तिलाच ऐकू आली नाही. आणि एखाद्या घरी ऐकू गेलीच, तर ती बाई भांडं घेऊन बाहेर येईपर्यंत ओबोरो पुलापलीकडे. तीन-चार बायका रिकाम्या गल्लीत भांडी घेऊन उभ्या होत्या म्हणे. त्यांतल्या एकीने नंतर दुकानावर येऊन विचारलं, हल्ली टोफूच्या अंगात येतं की काय.

मी पोट धरून हसलो. मग हसू थांबलं. वेग कमी करणं आणि आवाज मारणं, दोन्ही मी आयुष्यभर कधीच केलेलं नाही.

पण आवाजाच्या बाबतीत मी कोणाला हार जाणार नाही. पलीकडच्या गल्लीतून मोटारसायकल गेली तरी तिचा कोणता वॉल्व्ह ढिला आहे ते इसोबे सांगतो, असं या गावात म्हणतात. म्हणतात ते खरंच आहे. माझ्या दोन्ही कानांवर हा कारखाना उभा आहे.

११ सप्टेंबर

नवा सायलेन्सर बसवला, आत पत्र्याचे तीन पडदे. इंजिनाखाली रबर घातलं. चेनला पेटी केली. संध्याकाळी ओसरीत डोळे मिटून बसलो आणि निवाला गल्लीतून गाडी न्यायला सांगितली. आवाज निम्म्यावर आलाय. निवा म्हणाला, अजून पुष्कळ आहे मालक. तो जन्माचा रडका.

यंदा झाडांवर किरकिरणारे सिकाडे किडे लवकर गप्प झाले. एरवी या दिवसांत झाडाखाली उभं राहवत नाही. नगरपालिकेने डासांची पावडर मारली, तिने किडे साफ मेले असणार.

२५ सप्टेंबर

दोन आठवडे काहीच लिहिलं नाही कारण काम मनासारखं चाललंय. आज चौथा सायलेन्सर. गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर मला नुसती धुगधुग कळली, तीही पायाखालून.

हारुएच्या वागण्यात काहीतरी फरक पडलाय. पूर्वी ती स्वयंपाकघरातून भिंतीपलीकडून बोलायची आणि मी हं म्हणायचो. आता हात पुसत येते, माझ्यासमोर येऊन बसते, चेहऱ्याकडे बघते आणि मग बोलते. चहा हवा का एवढंच विचारायचं असतं. या वयात हे काय सुचलंय कोण जाणे. आजारपणात घाबरली असेल. मला आवडतंय, तिला तसं सांगितलं नाही.

ओसरीतल्या काचेच्या घंटेला तडा गेला वाटतं. खालचा कागद वाऱ्याने हलतो आणि ती वाजत नाही. सांगायला हवं बदलायला.

३० सप्टेंबर

आज पहाटेचं स्वप्न. हामाना तलावावर धुकं आणि त्यातून ओबोरो चाललेली, पाण्यावरून. मागे पिंप. चालवणारं कोणी नव्हतं. दोन्ही काठांवर बायका भांडी घेऊन उभ्या होत्या आणि कोणीच काही बोलत नव्हतं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. जाग आली तरी ती शांतता खोलीत तशीच होती. हारुए दार उघडून आत आली ते मला ती समोर आल्यावरच कळलं.

सगळं जग हळूहळू माझ्या कामाला मदत करू लागलंय असं वाटतं. हे असलं कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

४ ऑक्टोबर

निवा बिघडलाय. काहीही सांगायचं तर तोंड कानाशी आणून ओरडतो. आज मी त्याला सुनावलं की मी मालक आहे, बैल नाही. त्यावर त्याने टोपी काढली, खोकला आणि बाहेरच्या ढगांकडे बघत राहिला. दुपारपासून तो सगळं फळ्यावर खडूने लिहायला लागलाय. ही पद्धत मात्र उत्तम आहे. उगाच बडबड नको.

हारुए म्हणते तिचा कान दुखतो. नागोयाला कानाचा मोठा डॉक्टर आहे म्हणे, माझ्याबरोबर चला. मी म्हटलं, आत्ता कुठे, निवाच्या बायकोला घेऊन जा. तिने आपलं ताट बाजूला सारलं. मग माझ्या ताटात तिच्या वाट्याचा माशाचा तुकडा वाढून आत गेली. कान दुखतोय तर गरम तेलाचे दोन थेंब घालावेत, त्यासाठी नागोया कशाला पाहिजे. पण तुकडा ठेवला तेव्हा तिचा चेहरा मला आवडला नाही. नोव्हेंबर संपला की नेईन.

१२ ऑक्टोबर

एक अडचण होती ती आज सुटली. सायलेन्सरात इतके पडदे घातले की इंजिनाचा श्वास कोंडला आणि कालव्याचा चढ भरल्या पिंपासह चढेना. आज मी दोन पडदे स्वतःच्या हाताने काढून टाकले. चढ सहज चढली. आणि आवाज? काही नाही. मी दहा पावलांवर उभा होतो, काही नाही. म्हणजे पडद्यांचा उपयोगच नव्हता, खरं काम रबराने केलं होतं.

निवाला म्हटलं, बघ, आहे का कुठे आवाज. तो हातातल्या पडद्यांकडे बघत होता. मग मान हलवून म्हणाला, नाही मालक. शेवटी पटलं त्याला.

१९ ऑक्टोबर

आजचा दिवस मला मरेपर्यंत पुरेल.

आमच्याच गल्लीत विक्री करून पाहिली. मी नवी हॅट घालून कोपऱ्यावर उभा राहिलो. ओबोरो आली ती माणूस चालतो त्या चालीने, तोकुसान ताठ बसलेली, एका हातात पिपाणी. आवाज नाही. मला माझाच श्वास जाणवत होता. आणि एकेक दार सरकलं. बायका बाहेर आल्या, कोणाच्या हातात वाडगा, कोणाच्या हातात पातेलं, सुताराची बायको मूल पाठीला बांधून. इतका उत्साह होता की कोपऱ्यावरच्या दोघीतिघी तर तोकुसानने पिपाणी तोंडाला लावायच्या आधीच दारात उभ्या होत्या. सगळ्यांनी टोफू घेतला, सगळ्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी हॅट काढली आणि डोळ्यांत कचरा गेल्याचं निमित्त केलं.

पिंप रिकामं झालं. तोकुसानला म्हटलं, काकेगावाला असंच. तिने मान वळवून पिंपाचं झाकण लावलं. दमली असेल.

घरी येऊन हारुएला सगळं पुन्हा सांगितलं, जरी ती तिथेच होती. ती हसत हसत रडली. बायका आनंदातही रडतात.

२७ ऑक्टोबर

संध्याकाळी ओसरीत पाय सोडून बसलो होतो. समोर पाईनची झाडं पार वाकून डोलत होती. वारा इतका आणि तरी कसं सगळं निवांत, असा विचार करत होतो. उगाचच मागे वळून पाहिलं.

अंगणात तोकुसान उभी होती. माझ्यापासून फार तर तीन-चार हातांवर. पिपाणी तोंडाला लावलेली, गाल फुगलेले, मान लाल झालेली. ती फुंकत होती. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि ती फुंकत राहिली. दारात हारुए दोन्ही हातांनी कान झाकून उभी होती.

मग तोकुसानने पिपाणी खाली घेतली, माझ्याजवळ आली, माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून सावकाश बोलली. ते मला कळलं.

"त्या दिवशी गल्लीतल्या बायकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, इसोबेसान. हॅटवाले दिसले की बाहेर या म्हणून. म्हटलं, माणसाचा एक दिवस आनंदात जाऊ दे. चूक माझी. पण काकेगावात माझं कोण आहे? तिथं गाडीच्या बोंबेत पिपाणी कोण ऐकणार?"

मी विचारलं, बोंब कसली.

तिने हारुएकडे पाहिलं. हारुएने मान खाली घातली.

"दोन पडदे काढल्यापासून तुमची ओबोरो सगळ्या गावाला उठवतेय," तोकुसान म्हणाली. "कुत्री मागे लागतात."

२८ ऑक्टोबर

लिहायला काही नाही.

३० ऑक्टोबर

काल कारखान्यात गेलो आणि निवाला सगळ्यांसमोर नको ते बोललो. तुला माहीत होतं, तू मान हलवलीस, तू मला गावभर हसं करून ठेवलंस. खूप बोललो. शेवटी म्हटलं, एवढं तोंडावर सांगायला काय झालं होतं.

निवाने टोपी काढली नाही. फळ्याकडेही गेला नाही. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, ओठ सावकाश हलवत म्हणाला, "मालक, तुमच्या कानावर आम्ही सगळे जगलो. तो गेला, हे तुम्हाला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

आणि मग म्हणाला की ओरडू नका, दोन महिने तुम्ही ओरडूनच बोलताय.

मला खरंच ठाऊक नव्हतं. बाकीची पोरं मान खाली घालून उभी होती. एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे मी नीट बघून घेतलं. मग घरी निघून आलो. वाटेत गाड्या, माणसं, शाळेची पोरं तोंडं उघडत-मिटत जात होती. मला भीती वाटली. इतकी भीती युद्धात बाँब पडायचे तेव्हाही वाटली नव्हती, तेव्हा निदान येताना कळायचं.

२ नोव्हेंबर

नागोयाला जाऊन आलो. डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचा. त्याने कागदावर लिहून दाखवलं की तीस वर्षं उघड्या सायलेन्सरपाशी कान लावून बसल्यावर दुसरं काय होणार, उन्हाळ्यातल्या तापाने शेवटचा धक्का दिला. बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. गेलेलं परत येणार नाही. डाव्या कानात थोडं उरलंय ते जपा.

परतताना आगगाडीत हारुए डाव्या बाजूला बसली. म्हणाली, तिचा कान ठणठणीत आहे, कधी दुखलाच नव्हता. मी म्हटलं, एवढं कळायला लागलंय आता. मग मी कबूल केलं की ती समोर येऊन बसायची ते मला काय वाटलं होतं. माझे कान गरम झाले, निदान त्या कामाला ते अजून शाबूत आहेत.

ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्या कानाशी वाकली.

"तसंही होतं थोडं," ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत माझा हात तिच्या हातात होता. समोरची म्हातारी टक लावून बघत होती, बघेना का.

५ नोव्हेंबर

काकेगावाची तारीख तीन आठवड्यांवर आहे. रात्री मी ठरवलं की ओगुरिसानना नकार कळवून टाकू. आवाज मारायचा आणि तो मारला गेला की नाही हे ज्याला कळत नाही, त्याने हे काम कसं करायचं? आंधळ्याने रंग निवडण्यातला प्रकार. सकाळी हारुएला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मला ऐकू येतं की. मी कशाला आहे?"

मी म्हटलं, तुला इंजिनातलं काय कळतं.

"काही नाही कळत. पण पिपाणी ऐकून तीस वर्षं दारात मीच येतेय ना? तुम्ही आलात कधी?"

ओगुरिसानना लिहायचं पत्र मी तसंच ठेवून दिलं.

१० नोव्हेंबर

आता असं चालतं. गल्लीच्या त्या टोकाला एका घरात दार लावून हारुए बसते, हातात लाटण्याएवढी काठी, तिला पांढरं फडकं. तोकुसान गाडीवर पिपाणी फुंकत येते. पिपाणी ऐकू आली की हारुए खिडकीतून फडकं बाहेर काढते. मी गल्लीच्या मधे उभा राहून फडक्याकडे बघतो. ते बाहेर आलं त्या क्षणी गाडी जिथे असेल, तिथे निवा रस्त्यावर खडूची रेघ ओढतो. रोज रेघ घरापासून थोडी आणखी लांब जायला हवी. पोरांना आता आमच्या रेघांवर लंगडी खेळायला मिळते.

काढलेले दोन्ही पडदे मुकाट्याने परत बसवले. मग चढ चढेना, म्हणून फ्लायव्हील जड केलं आणि पुढचं दातेरी चक्र लहान केलं. आता ती सावकाश चढते, पण चढते. वेग पार गेला. शर्यतवाल्या इसोबेची गाडी म्हाताऱ्याच्या चालीने जाते. पहिल्यांदा बघताना मी तोंड फिरवलं, खोटं कशाला सांगू.

१५ नोव्हेंबर

रेघ चार दिवस एकाच जागी. मी सायलेन्सर पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. आज हारुए वैतागून घरातून बाहेर आली आणि चालू गाडीभोवती फिरली, बाजारात कलिंगड बघावं तशी वाकून, इकडून तिकडून. मग म्हणाली की तुम्ही सगळे मागे काय करत बसलात, आवाज पुढून येतोय. सुर्र सुर्र. कोणीतरी वाडग्यातून सोबाच्या शेवया ओढतंय.

निवाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. कार्ब्युरेटर हवा ओढतो तो आवाज. शर्यतीत तो आवाज आला की आम्हाला वाटायचं इंजिन खूश आहे. तीस वर्षं तो मला गाण्यासारखा वाटत आला, म्हणून तो आवाज आहे हेच डोक्यात आलं नाही. आता हवेच्या वाटेवर पत्र्याची पेटी आणि आतून लोकरीचा नमदा. नमद्यासाठी हारुएने माझी नवी हॅट कापली. कात्री मीच आणून दिली.

संध्याकाळी रेघ पुलापाशी गेली. तोकुसानने पिपाणीवर काहीतरी वाकडंतिकडं वाजवलं असावं, कारण सगळी गल्ली हसत होती. मीही हसलो.

२१ नोव्हेंबर

तळहात इंजिनावर ठेवून बसतो. बोटांना बरंच कळतं. जे कळत नाही ते हारुए सांगते, आणि तिच्याकडे शब्द भारी आहेत. कालचा क्लच तिच्या मते जाऊबाईंसारखा दात खात होता. निवा ते सगळं फळ्यावर उतरवून घेतो.

स्वप्नात आता आवाज येतात. सिकाडे, कारखान्याचा भोंगा, माझ्या आईचं हाक मारणं. जागा झालो की खोली पुन्हा भरते त्या धुक्याने. काल पहाटे वाईट वाटलं आणि बराच वेळ वाटत राहिलं.

२६ नोव्हेंबर

काकेगावा. थंडी आणि कोरडा वारा. ओगुरिसाननी गल्ली त्यांच्या मनाने निवडली, आम्हाला आधी सांगितली नव्हती. गल्लीत कोणालाच काही माहीत नव्हतं, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. मी, हारुए, निवा आणि ओगुरिसान एका तांदळाच्या दुकानाच्या आडोशाला उभे राहिलो, दिसणार नाही असे.

ओबोरो वळणावरून आली. गल्ली रिकामी. सगळी दारं बंद. तोकुसानने पिपाणी तोंडाला लावली, मला तिचे गाल दिसले. काही झालं नाही. ती पुढे आली, पुन्हा गाल फुगले. दारं तशीच. मला वाटलं, चाळीस माणसांना मी आज संध्याकाळी काय सांगणार. हारुएकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग डावीकडचं एक दार वीतभर सरकलं आणि त्यातून रिकामं पातेलं बाहेर आलं, त्यामागून बाई. पलीकडे आणखी एक. एकजण केसांना साबण लावलेली तशीच टॉवेल गुंडाळून आली. एक म्हातारी इतकी सावकाश आली की मी मनातल्या मनात तिला ढकलत होतो, आणि ती रस्त्यावर पोचली तेव्हा ओबोरो अजून तिच्या दारासमोरच होती. तिने वाडगा पुढे केला. तोकुसानने पिंपात हात घातला.

सगळी दारं उघडली नाहीत. शेवटची दोन-तीन बंदच राहिली. त्यांना टोफू नको असेल किंवा ऐकू गेलं नसेल, ते कोण जाणे. ओगुरिसान बराच वेळ हुं हुं करत होते, निदान त्यांची मान तशी हलत होती. मग त्यांनी माझ्याकडे वळून, हे बरं झालं, तोंडासमोर सांगितलं की वसंत ऋतूत पहिल्या गाड्या पाठवा.

निवाने टोपी काढली आणि मला धस्स झालं. पण त्याला फक्त डोकं खाजवायचं होतं.

परतीच्या आगगाडीत सगळे झोपले. तोकुसान रिकाम्या पिंपाला टेकून तोंड उघडं टाकून. हारुए जागी होती, डावीकडे. बाहेर चहाचे मळे अंधारात बुडत होते. दिवसभर एक गोष्ट विचारायची होती आणि धीर होत नव्हता. इंजिन माझं, नाव मी ठेवलेलं, आणि शेवटी ते कसं बोलतं ते जगात मला एकट्यालाच ठाऊक नाही. शेवटी विचारलं, ओबोरोचा आवाज कसा आहे गं.

ती डोळे मिटून आठवत राहिली. मग कानाशी आली.

"तुम्ही झोपेत श्वास घेता ना, तसा," ती म्हणाली. "रोज ऐकते मी. तस्सा."

कान धडधाकट असते तरी माझा झोपेतला श्वास मला कधीच ऐकू आला नसता. तो ऐकायला शेजारी कोणीतरी जागं असावं लागतं.